पुदिना चेचायचा नाही

बाळकुम, ठाणे
ता. २० एप्रिल २०२५, रविवार

चि. अंतरास,

आजीचा जय भीम. मी बरी आहे, गुडघा सोडून. तिकडे दिवा स्टेशनजवळच्या खोलीवर पाणी येतं का गं? फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. साक्षरता वर्गातलं अक्षर आहे, हसू नकोस.

भीमजयंतीच्या स्टॉलवरचं आपलं सरबत बाया अजून विचारतात! मी पुदिना पाट्यावर घेतला तेव्हा कशी ओरडलीस, "आजी, चटणी नाही करायचीय! चेचू नको, कडू होतं. नुसता दाब, वास सुटला की थांब." मग लिंबू, साखर, बर्फ, वरून सोडा. रम तेवढी वगळली, पाचवं शील आहे ना. पण काय थंड लागतं गं, नाकातून थेट डोक्यात! मोहितो म्हणे. मला आधी मोहिते ऐकू आलं, म्हटलं हे कुठले पाव्हणे?

तू सांगितलंस, क्युबा नावाच्या बेटावर उसाच्या मळ्यात गुलाम राबायचे, त्यांचं हे पेय, असं म्हणतात. माझी आई ऊसतोडीला जायची. तिला असा एक ग्लास मिळाला असता तर, असं आलं मनात.

आता खरं ते लिहिते. तीनदा खोडलंय. रखमाबाईने ग्लास संपवून विचारलं, "नात काय करते हो तुमची?" मी म्हणाले, "बँकेत आहे." तू बर्फ घेऊन मागेच होतीस. तू मला दिसली नाहीस, असं मी तुझ्या पप्पाला सांगितलं. खोटं आहे ते. बर्फाचं पाणी माझ्या पायावर पडत होतं. हॉटेलात बारच्या काउंटरवर दारू बनवते, हे विहारातल्या बायांपुढे तोंडातून निघेना. तू बर्फ ठेवलास आणि दिव्याला मैत्रिणीच्या खोलीवर निघून गेलीस.

आज रखमाबाईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणते, "अगं बाई! माझा नातू आर्यन, वागळे इस्टेटला गोदामात बिअरचे खोके लावतो. मी औषधांची कंपनी सांगते सगळ्यांना!" दोघी पोट धरून हसलो. घरी येऊन मात्र बसवेना. ती आर्यनच्या पाठीमागे बोलली. मी तुझ्या तोंडावर.

बुद्धपौर्णिमेला परत सरबत आहे. बायांना म्हटलं, मला नाही येत, माझ्या नातीला येतं. बारमध्ये कामाला आहे ती, तिला विचारून कळवते. तू नाही म्हण, मी रागावणार नाही. पण नाही म्हणायला तरी फोन उचल.

आता स्वतःचीच लाज वाटणारी,
तुझी आजी