गिरण आणि माझं कुंकू

१६ जानेवारी, मंगळवार
पार्वतीने आख्ख्या वाड्याला हळदीकुंकवाला बोलावलं, मला सोडून. आमच्या अंगणावरून पलीकडच्या घरी गेली, मान वळवली नाही. मी चुलाणावर भात उकडत उभी. एवढा धूर, एवढी मी, आणि दिसले नाही म्हणेल. गेल्या साली म्हणाली विसरले. यंदा काय?

१७ बुध.
विहिरीवर गाठलीच. आधी नुसता कळशीशी चाळा. मग म्हणाली, "शेवंती, तुका दुखवूचा नाय गो. पण लोक बोलतत. बाबलो गिरणीत असा म्हणतत."
बाबलो म्हणजे आमचे.
त्या गिरणीचं हे जुनंच. जमीनदार भाटकाराच्या आजाने पोर्तुगीज वेळी होडीतून इंजिन आणलं, भाताची पहिली गिरण ह्या बाजूची. तेव्हापासून लोकांना तिथे काहीबाही दिसतंच. आता ते भूत आमच्या नावावर चढवलं. हे गिरण चालवायचे. पट्टा तुटला, बेळगावला नवीन आणायला गेले, ते गेलेच. पाच-सहा वर्षं झाली. मेल्याचा निरोप नाही, जित्याचा नाही. गिरणीला कुलूप.
आता म्हणे भर दुपारी आत बोलणं ऐकू येतं. विडीचा वास येतो. पोदेर पावाची टोपली टाकून पळाला, त्याच्याकडे पट्टा मागितला म्हणे. पाववाल्याकडे पट्टा? मेल्यावर माणसाची अक्कलही जाते काय?
हे भूत, म्हणजे मी विधवा. विहिरीवर निकाल लावून मोकळे.

२० शनि.
झोप नाही. भात करपला. सासूला सांगितलं लोक काय बोलतात ते. ती नेहमीसारखीच, येतलो गो तो, पट्टो घेऊन येतलो. रोज ह्यांचं पान वाढून झाकून ठेवते, सकाळी म्हशीला. मी काही बोलत नाही. बोलायला हवं होतं.
गिरणीत जाऊन बघते. असतील तर असतील.

२२ सोम.
गेले. दुपारची जेवणं झाल्यावर, कोयता घेऊन. पुढे कुलूप, मागचं जनेल मोडकं, तिथून आत. साडी फाटली. आत कोंडा पायाच्या घोट्यापर्यंत, वर वटवाघळं, जळक्या तेलाचा वास अजून. तो वास ह्यांच्या सदऱ्याला यायचा. उभीच राहिले थोडी.
मग बोलणं ऐकू आलं. खरंच आलं. कोयता धरला घट्ट.
इंजिनाच्या पलीकडे सासू. पोत्यावर बसलेली. इंजिनावर बशीत चहात भिजवलेला पावाचा उंडो, बाजूला पेटवलेली विडी ठेवलेली. "खा रे पुता," म्हणत होती. "निवता मां."
मला बघून दचकलीसुद्धा नाही. "इलंस? बस," म्हणाली.
मी बसले नाही. म्हटलं, मांय, हे मेले म्हणून धरलात तुमी?
"तसा नाय गो. पण मेलो असात तर ताका भूक लागात ना."
मग घरी येतलो येतलो म्हणता ते काय?
विडीची राख झटकली, मग म्हणाली, "ता तुझ्या कपाळासाठी. माझ्या तोंडान मी तुझा कुंकू पुसू काय?"
मागच्या जनेलातून म्हातारीला हात धरून बाहेर काढली.

२५ गुरु.
म्हणजे लोक ऐकतात तो सासूचा आवाज. पार्वतीला सांगावं तर सासू वेडी ठरते. न सांगावं तर मी विधवा. सासूने काल परत उंडो लपवला पदरात. मी बघितलं, तिने बघितलं मी बघितलं ते.
राग येतो. तिला लेक दोन्हीकडे मिळतो, घरी जिता, तिथे मेला. मला एकही नाही.

३० मंगळ.
आज सासू तापाने झोपून. म्हणाली, आज कोण देतला ताका? मी म्हटलं कोणी नाही.
दुपारी गेले तरी. रिकाम्या हाताने बरं वाटेना म्हणून दोन विड्या नेल्या. चाकाला हात लावला, थंड. विचारलं मोठ्याने, आहात काय? असलात तर काही तरी करा, वटवाघूळ पाडा, काही. काही नाही. मुलखाचं बोलणारं भूत माझ्यापुढे मुकं.
विड्या ठेवायला वाकले आणि हात थांबला. ठेवल्या म्हणजे मी कबूल केलं. परत आणल्या. परत आणल्याचंही वाईट वाटतं. संध्याकाळभर घरात नुसती फिरत होते, भांडी आपटत.

१ फेब्रु., गुरु.
सासूचा ताप उतरला. सकाळी चुलीपाशी समोर बसून सांगितलं. मेले म्हणत असाल तर भटाला बोलवा, जे करायचं ते करा, बांगड्या मी माझ्या हाताने फोडते, रडायला कोणी नको. जिते म्हणत असाल तर गिरणीत जाणं बंद, आणि माझ्याबरोबर पार्वतीच्या दारात उभं राहून तसं सांगा. दोन्ही चालायचं नाही आता.
सासू फुंकणी घेऊन चूल फुंकत राहिली. चूल पेटलेलीच होती.
"मांय," म्हटलं, "आयतारी रथसप्तमी. देवळात सगळ्या बायका कुंकवाला जमतल्या. मी न्हाऊन आरशासमोर बसतलंय. तेच्या आधी माका सांगा, लावू की नको."