मुकी पट्टी

श्री
सोनपेठ, आश्विन वद्य तृतीया, शके १८६०

चि. काशीनाथ यास बन्सीधरचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पावले. चार वर्षे तू छापखान्यात असल्याचे लिहीत होतास. परवा आपला मावसभाऊ चंद्रभान मुंबईहून आला, तो सांगतो की तू हॉटेलात साहेबलोकांपुढे पियानो बडवतोस. आता तू लिहितोस, जॅझ नावाच्या बाजाची एक चीज स्वतः रचली आणि तिची तबकडी निघाली. चंद्रभानने तबकडी पाहिली आहे. तिच्यावर नाव बँडमास्तरचे! एक खोटे झाकायला दुसरे, असा माझा वहीम आहे. मी शाळामास्तर आहे, थापा रोज ऐकतो.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला येईन म्हणतोस. दादांना खोटे खपत नसे, ते तुला ठाऊक आहे. खरे काय ते लिही, नाहीतर उंबरा ओलांडू नकोस. त्या दिवशी भजन ठेवले आहे. दादांच्या पेटीची एक पट्टी आपल्या लहानपणापासून मुकी, म्हणून परभणीहून दुरुस्तीवाला बोलावला आहे.

लोभ आहेच. तो वाढवणे तुझ्या हाती.

बन्सीधर


मुंबई, ता. २० ऑक्टोबर १९३८

तीर्थस्वरूप अण्णांस काशीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

छापखाना खोटा. दादांनी देवापुढे वाजवलेल्या सुरांवर मी साहेबांना नाचवतो, हे लिहायची छाती झाली नाही. चीज मात्र माझीच. नाव बँडमास्तरचे, कारण काशीनाथच्या नावाची तबकडी साहेबलोक घेणार नाहीत असे त्याचे म्हणणे. पुरावा माझ्याकडे काहीही नाही.

तबकडी पाठवली आहे. करोडगिरी नाक्यावर जकातवाल्यांच्या झडतीत फुटली नाही तर आबासाहेबांच्या वाड्यावर फोनोवर ऐका. बायनाआत्याला न्या, तिचा कान तुमच्यापेक्षा बरा! बँडवाले माझ्याशी भांडतात, की चाल वर चढताना मी एक सूर गाळतो. का ते मलाही सांगता येत नाही. मला तिथे तो ऐकूच येत नाही.

मला दादांच्या श्राद्धाला यायचे आहे, अण्णा. लोभ उणा झाला असल्यास उरलेला तरी ठेवावा.

आपला काशीनाथ


सोनपेठ, कार्तिक वद्य द्वितीया, शके १८६०

चि. काशीनाथ यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तबकडी धड पोचली. आबासाहेबांकडे ऐकली. पहिल्यांदा वाटले, कुणी भांड्यांची उतरंड पाडली. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात चाल वर चढली, त्या जागी एका सुरावरून उडी मारून पुढे गेली, आणि आत्या रडू लागली. म्हणाली, बन्सी, मुक्या पट्टीवरून आपला दादाच उडी मारायलाय की रं.

दादा पेटीवर ती जागा चुकवत आणि आपण सारे तशीच भजने शिकलो. सोनपेठेत आजही तो सूर कुणी लावत नाही. मुंबईच्या बँडमास्तरला तिथे उडी मारायचे काय कारण? मी तुझ्यावर संशय घेतला, त्याची लाज वाटते.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला श्राद्ध आहे, दोन दिवस आधी ये. लोभ आहे, तो आता मोजू नकोस.

बन्सीधर

ता. क. दुरुस्तीवाला काल आला होता. चहा पाजून परत पाठवला. पेटीवर तू बस.