चंद्रोदयाच्या जागी रेघ

मंगळवार, १४ एप्रिल, बेलव्ह्यू

फिनलंडचं सगळं ठरत आलं होतं. अगदी उत्तरेचं नॅशनल पार्क, जूनचा पहिला आठवडा, आमचं पहिलंवहिलं हायकिंग. पुण्याहून आलेली आई रोज नवे बूट घालून तळ्याभोवती चकरा मारतेय. आणि आज जेवताना तिने विचारलं, "त्या आठवड्यात संकष्टी येते. तिकडे चंद्रोदय किती वाजता गं?"

फोनवर बघितलं तर वेळेच्या जागी नुसती रेघ. मला वाटलं, ॲप गंडलंय. दुसरं उघडलं. तिथेही रेघच! मग वाचतच बसले. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही हे माहीत होतं, पण त्याच दिवसांत पौर्णिमेच्या आसपास चंद्र वर येतच नाही? हे मला आजवर कोणी कसं सांगितलं नाही?

आई चंद्रोदयाआधी उपास सोडत नाही. आता म्हणणार, तुम्ही दोघं जा, मी घर सांभाळते. नवऱ्याने लगेच तोडगा काढला, "आई, पुण्याची वेळ धरा ना."

"धरेन की. ढगात दिसत नाही तेव्हा तरी काय करते?" पण तिची नजर त्या रेघेवरच. "मग तो तेव्हा असतो कुठे?"

मी आधी माझं विचारलं, "म्हणजे तू येणार ना?"

"येणार म्हणजे काय! इतकी वर्षं उपाशीपोटी त्याची वाट बघितली. तो येतच नाही ते गाव एकदा बघायला नको?"