सतराव्या खुर्चीचं माप

३ जून
आज रुजू झाले. धाकटी बहीण गेल्यावर, साठी उलटलेली असताना, दोन वर्षं अभ्यास करून अर्गोनॉमिस्ट झाले. सुनेने विचारलं, आई, म्हणजे खुर्च्या पुसायच्या का? कामाची जागा माणसाच्या मापाची करायची, माणूस जागेच्या मापाचा नाही, एवढंच हे शास्त्र. समजावलं, पण तिचं लक्ष फोनमध्ये.
शिवणखाना छान हवेशीर आहे. चोवीस यंत्रं, चोवीस खुर्च्या. धाकटीने इथेच एकतीस वर्षं काढली. वडिलांना एकीच्याच शाळेची फी झेपत होती. मला कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी ताठ बसायला शिकवलं, तिला ह्या यंत्राने वाकायला. तिच्यासाठी उशीर झाला. निदान बाकीच्यांच्या पाठी वाचाव्यात.

५ जून
सगळ्यांची मापं घेतली. एकीने विचारलं, बाई, ब्लाउज शिवताय का? बाया हसून लोटपोट. सतरावी जागा धाकटीची. ती गेल्यापासून तिथे कुणी बसत नाही. तक्त्यात रकाना कोरा ठेवायचा नसतो, म्हणून मी माझीच मापं भरली आणि खुर्ची तशी लावली.

८ जून
सतरावी खुर्ची चार बोटं खाली. मुकादमाला झापलं. तो म्हणाला, त्या खुर्चीला आम्ही हातही लावत नाही. पुन्हा वर केली.

९ जून
पुन्हा खाली. बैठकीची डावी कड दबलेली. धाकटी डावीकडे कलून बसायची. पाठ दुखते म्हणाली की मी म्हणायचे, नखरे पुरे, ताठ बस. दवाखान्यातसुद्धा मी तिला हेच म्हणाले.

११ जून
सून म्हणाली, आई, अशा वाकून काय चालता, मावशींसारख्या? उंची मोजली. तक्त्यातल्यापेक्षा चार बोटं कमी. टेप बदलली — तेवढीच. डावा खांदा उतरलेला.

१२ जून
सतरावीवर बसून पाहिलं. अगदी माझ्या मापाची. ह्या वेळी मी ती हलवली नव्हती — बदलले ते मीच —
पाठ ठणकते. एवढं दुखायचं गं तुला? एकतीस वर्षं?

१३ जून
जेवणाची सुट्टी. बाया डबे घेऊन गेल्या. मला उठता येत नाही. वही यंत्रावर ठेवून लिहितेय —
हाक मारली. कुणी —
मागे कुणीतरी आहे. पाठीवर हात. वळता येत नाही — माझाच आवाज — कानाशी — नखरे पुरे, म्हणतोय, ताठ