मयताच्या कॅमेऱ्याचं शटर

सिद्धाराम,

औरंगाबादलाबी शटर मिळंना म्हणून तू बापाच्या जुन्या कॅमेऱ्याचं काढून लग्नाच्या कॅमेऱ्यात बसवलंस. अक्कल चरायला गेलती का? त्या कॅमेऱ्यानं बापानं निस्ते मयताचे फोटो काढले, आपल्यात मयत बसवतात तसे बसलेले.

काल तपासायला माझा काढलास. मी तर डोळे वटारून तुला शिव्या देत होते. सकाळी वाळत टाकलेला फोटो बघितला, तर डोळे मिटलेले अन् गळ्यात हार.

आज तू पोटच्या पोरीचा, शिवानीचा, स्थळासाठी फोटो काढणार, म्हणून तिला घेऊन चकलांब्याला भावाकडं चालले. शटर जिथलं तिथं बसवल्याबिगर न्यायला येऊ नको. भाकरी दुरडीत हाय.

माझं कमीजास्त झालं, तर तोच फोटो भिंतीला लाव. बरा आलाय.

आई