दोराचं दुसरं टोक

१२ ऑगस्ट
विद्यापीठाने ठरवलं: स्टेडियमच्या फाटकापाशी डचेसचा ब्राँझचा पुतळा. डचेस म्हणजे आमचं खेचर, विद्यापीठाचं मॅस्कॉट. गेली एकोणीस वर्षं प्रत्येक फुटबॉल मॅचआधी तिचा दोर धरून मैदानाला फेरी मारतो तो मी. म्हणजे पुतळा दोघांचा. विद्यापीठाच्या पत्रात तसं म्हटलेलं नाही, पण काही गोष्टी लिहायच्या नसतात.
संकल्प: पोट कमी करणे. ब्राँझमध्ये ते कायमचं राहील.

१५ ऑगस्ट
डोनट बंद.

१६ ऑगस्ट
एकच. आग्रह मोडवेना.

२ सप्टेंबर
शिल्पकार हॉल्वरसनबाई आल्या. टेपने डचेसचे कान मोजले. फोटो काढताना मला म्हणाल्या, जरा बाजूला व्हा. आणखी जरा. आणखी. पार तबेल्याच्या दाराबाहेर गेलो. कलावंताला माणूस लांबूनच नीट दिसतो. चाळीस मिनिटं पोट आत. माझी मापं घेतली नाहीत. नजरेनेच घेतली असणार.
बायकोला सांगितलं. लोर्ना म्हणाली, ऑर्विल, एका पुतळ्यात दोन खेचरं कशी मावतील रे? तिला कलेतलं काही कळत नाही.

२० सप्टेंबर
बाईंच्या स्टुडिओत डोकावलो. मातीच्या मॉडेलवर ओलं फडकं. खालून पाय दिसत होते. मोजले. चार. विचारलं तर म्हणाल्या, ब्राँझचे तुकडे वेगवेगळे ओततात, मग जोडतात. झालं तर! माझे अजून ओतायचे असतील.
मिशीला कलप लावला. उशीही काळी झाली. लोर्ना बोलत नाही.

९ ऑक्टोबर
कॅन्ससहून मेव्हण्याला बोलावून घेतलं. भाषण तयार. चार पानं, नम्रतेने भरलेली. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही. सरप्राइज ठेवलेलं दिसतंय. वजन दोन पौंड जास्त. काटा बिघडलाय.

२८ ऑक्टोबर, संध्याकाळ
माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, दुपारी मॅच. अकराला कापड ओढलं. डचेस. एकटी. कान हुबेहूब. गळ्यातला दोर कंबरेच्या उंचीपर्यंत खाली येतो, टोकाला हात घालायला फास, फास रिकामा. हॉल्वरसनबाई म्हणाल्या, मुद्दाम रिकामा ठेवलाय, कुणीही धरावा, विद्यापीठ सगळ्यांचं आहे. टाळ्या. मीही वाजवल्या. माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही, हेही काही कमी नाही.
दोर धरून फोटो काढायला रांग लागली. मेव्हणा आत जागा धरायला गेला, मी रांगेत उभा राहिलो. नंबर येतोय तोच मागच्या मुलीने तिचा फोन माझ्या हातात ठेवला: आजोबा, आमचा एक काढता का? काढला. मग तिच्या मागच्यांचा. मग त्यांच्याही मागच्यांचा. तासभर. कुणाचंही डोकं कापलं नाही.
आत मैदानावर बँड वाजला तसा धावलो. डचेसची फेरी संपत आली होती. दोर एका ढोलवाल्याच्या हातात. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
घरी लोर्नाने विचारलं, तुझा फोटो कुठंय? म्हटलं, काढायला कुणी नव्हतं. ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, उद्या चर्चच्या आधी आपण दोघंच जाऊ, मी काढते तुझा, चांगला काढते. लोर्ना माझ्याशी इतक्या मऊ आवाजात कधी बोलत नाही. तेव्हा कुठे मला नीट कळलं, की मी पुतळ्यात नाही.