जोयानाच्या मानेवरची सूज

सोमवार, ७ एप्रिल

टक्, टक्-टक्, टक्. रेमुस मास्तरांची रूळपट्टी टेबलावर पडायची आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायचो. कविता बऱ्याचशा विसरलो. ठेका विसरलो नाही. आज सकाळपासून गोठ्यागोठ्यात गाईंना क्षयाच्या चाचणीची सुई टोचत हिंडलो, तर हात आपोआप त्याच ठेक्यावर चालू लागले — मानेवरचे केस काप, चिमट्याने कातडीची जाडी मोज, सुई टोच, पुढची. साठ वर्षांनी!

एकतीस गाई झाल्या. नियम म्हणतो, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर लिहा. लिहितो. पण बारा आकडी नंबराने कुठल्या गाईला हाक मारता येत नाही. आमच्याकडे गाय ज्या वारी जन्मते त्या वाराचं नाव तिला. गुरुवारची जोयाना, रविवारची दुमाना. अख्खा कळप सात नावांत मावतो आणि कुणाचाही कधी घोटाळा होत नाही.

शेवटचा गोठा सावेतामावशीचा. मावशी ऐंशीच्या.

"हळू टोचा, डॉक्टर. माझी एकच आहे."

"नात आहे की तुम्हाला."

"ती इटलीत. आणि ती दूध देत नाही."

घरी येताना दोन ओळी सुचल्या —

*कान पिवळा झाला, गाई, नंबर त्यावर छापुन येई;*
*संध्याकाळी फाटकापाशी नंबराने कोण हाक देई?*

मास्तर असते तर दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त धरली असती.

गुरुवार, १० एप्रिल

बहात्तर तासांनी मानेवरची जागा पुन्हा मोजायची असते. तीस गाई ठणठणीत. जोयानाच्या मानेवर सूज. तीन मिलिमीटर.

दोनपर्यंत माफ. चारला गाय रोगी. मधली ती संशयित. संशयित म्हणजे बेचाळीस दिवस गोठ्यातच, दूध विकायचं नाही, मग पुन्हा सुई. पुन्हा सूज आली तर गाडी येते आणि गाय घेऊन जाते. पुढचं मावशींना सांगावं लागलं नाही.

"तीन काय म्हणालात?"

"मिलिमीटर."

त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, फट डोळ्यांसमोर धरली, तिच्यातून माझ्याकडे पाहिलं. "एवढ्यासाठी?"

मी चिमटा पुसत बसलो. तो स्वच्छच होता.

शुक्रवार, ११ एप्रिल

जिल्हा कार्यालयाला फोन. तिथे डॉ. ओतिलिया स्तान्का. अडीच वर्षं त्या तिथे आहेत, मी बाईंना कधी पाहिलेलं नाही, आवाजच ओळखतो. टेबलाचा खण बंद करावा तसं वाक्य बंद करतात.

"एक युनिट संशयित. नोंद झाली."

"मॅडम, तिचं नाव जोयाना."

"त्याला रकाना नाही."

बुखारेस्टमध्ये बसून ज्याने हा फॉर्म आखला त्याने रकाने सत्तावीस ठेवलेत. गोठ्याची दिशासुद्धा विचारली आहे.

बुधवार, २३ एप्रिल

संत जॉर्जचा दिवस. फाटकाफाटकाला हिरव्या फांद्या, आणि कळप हिवाळ्यानंतर पहिल्यांदा कुरणात निघाला. तीस गाई. मावशींच्या घरापाशी आल्यावर पुढच्या दोघीतिघी थांबल्या, आतल्या हंबरण्याला उत्तर दिलं, मग गेल्या. मावशी फाटकात उभ्या होत्या. फांदी लावलेली नव्हती.

मला रस्ता बदलायला हवा होता. बदलला नाही. त्यांनी "नमस्कार, डॉक्टर" म्हटलं, ते सोसण्यासारखं नव्हतं.

रविवार, ४ मे

मावशींची नात मिरूना इटलीहून आली. आजीला एकटं वाटतंय म्हणून महिनाभर राहणार. बरोबर पेपे नावाचा कुत्रा — वजन दीड किलो, त्यातलं अर्धं स्वेटरचं. मे महिन्यात स्वेटर! मी तपासलं. नखं वाढलेली, दातांवर कीट, बाकी उत्तम.

"त्याला गव्हाचं चालत नाही, डॉक्टर. आणि तो जरा उदास असतो."

"स्वेटर काढा. उदासी जाईल."

काढलं. पेपे तडक गोठ्यात गेला आणि जोयानाच्या पोटाशी टेकून झोपला. तेव्हापासून तिथेच असतो. मिरूना रुसली आहे.

परवा पोस्टातल्या कोर्नेलियाबाईंचं मांजर आलं होतं. सहा किलो आठशे. म्हणे काहीच खात नाही. काहीच म्हणजे काय काय, हे लिहून काढायला लावलं तर पान भरलं. चव्वेचाळीस वर्षं हा धंदा केला, माझं मत असं झालंय की ढोरं रोगाने आजारी पडतात आणि घरातली लाडकी जनावरं मालकाच्या मायेने. रोगावर औषध असतं.

सोमवार, १२ मे

आठवडा उरला. मावशी दूध काढतात आणि शेणखतावर ओततात. रोज दोनदा.

सोमवार, १९ मे

आज पुन्हा सुई. मानेची दुसरी बाजू. जोयाना हलली नाही, मीच हललो. मावशींनी तिचं तोंड छातीशी धरलं होतं आणि तिच्या कानात, बिल्ल्याच्या बाजूने, काहीतरी पुटपुटत होत्या.

बुधवार, २१ मे

सगळं नीट लिहून ठेवतो, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारी मिरूना धावत आली. कुशीत पेपे. "याला लकवा झालाय!" फोनवर शोधून आजारांची यादीच केलेली — अकरा नावं, शेवटचं रेबीज. कुत्रा टेबलावर ठेवला. तो उभा राहिला, विचारात पडला, डावीकडे कलंडला. डोळे ओले आणि अतिशय प्रेमळ. मला पाहून शेपटी हलवली, तिच्या झोक्याने पुन्हा पडला.

मी वाकून तोंडाचा वास घेतला.

आलुबुखाराची पालिंका. घरी गाळलेली, दोनदा.

"याला दारू कुणी पाजली?"

"डॉक्टर! तो गव्हाचंसुद्धा खात नाही!"

मग दोघं मावशींच्या गोठ्यात. जोयाना बसलेली होती. मानेवरची कालपरवाची जागा लालभडक, केस ओलसर. गव्हाणीच्या कडेला बाटली आणि लोकरीचं फडकं. पेपेला खाली ठेवलं तर तो नागमोडी चालत थेट तिच्या मानेपाशी गेला आणि चाटू लागला.

"मावशी, हे काय?"

"काय म्हणजे? चोळते. सकाळ-संध्याकाळ, कातडी गरम होईस्तोवर."

"एप्रिलमध्येही चोळलंत?"

"न चोळून कसं चालेल? सुई टोचली होती ना तुम्ही."

मी उलट्या बादलीवर बसलो. सुईच्या जागेवर तीन दिवस पालिंका घासली तर माझ्याही मानेला तीन मिलिमीटर सूज येईल. आणि मला वास कसा आला नाही? या गावात पालिंकेचा वास येणं म्हणजे हवेला हवेचा वास येणं.

"असं करायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

"तुम्हीच. माझ्या पहिल्या गाईला सुईने गळू झालं तेव्हा. दवाखान्यात स्पिरिट नव्हतं, तुम्ही म्हणालात, सावेता, पालिंकेने चांगलं चोळत जा, सुई टोचली की दर वेळी. तेव्हा तुमचे केस काळे होते."

आठवलं. तेव्हा दवाखान्यात कापूससुद्धा नव्हता.

"मग इतकी वर्षं दर चाचणीला सूज का नाही आली?"

"इतकी वर्षं तोआदेर होता." तोआदेर त्यांचा नवरा, नाताळाच्या आधी गेला. "तो असेस्तोवर बाटली गोठ्यापर्यंत पोचायचीच नाही. मी पाण्याने चोळायची. यंदा म्हटलं, आता तरी गाईला नीट मिळू दे."

मिरूना हसायला लागली, मग तोंडावर हात ठेवून दाराबाहेर गेली. मावशींचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे होतं. "चुकलं का काही, डॉक्टर?"

मी म्हटलं, तुमचं नाही.

गुरुवार, २२ मे

मोजलं. साडेतीन. नियमाने, दोनदा संशयित म्हणजे रोगी. गाडी.

आता खरं लिहितो. फॉर्म समोर होता, हातात पेन, आणि त्या रकान्यात "दोन" लिहिणं एका झटक्याचं काम. कोण बघायला येणार होतं? मला ठाऊक आहे ही सूज खोटी आहे.

पण ठाऊक कसलं? पालिंकेखाली काय आहे ते मला दिसत नाही. आमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर आग्लाया बसायची. कविता म्हणताना मध्येच खोकायची आणि मास्तर पट्टी हवेत धरून थांबायचे, तिची ओळ पुरी होईपर्यंत. त्यांच्या घरी दूध कच्चं प्यायचे. वसंतात तो बाक रिकामा झाला. बुखारेस्टच्या फॉर्मला मी कितीही हसलो तरी हा नियम कशासाठी आहे ते मला पाठ आहे.

साडेतीन लिहिलं.

शुक्रवार, २३ मे

कार्यालयाला अर्ज केला. गाडी थांबवा, रक्ताचा नमुना घ्या, रक्ताला पालिंका कळत नाही. पहिला मसुदा चौदा ओळी झाल्यावर लक्षात आलं की यमकं जुळताहेत. फाडला. दुसऱ्यात साधं लिहिलं: सूज मालकिणीने दारू चोळल्याने आली, चोळायला मीच पूर्वी शिकवलं, जागेला हात लावू नका हे दोन्ही वेळा सांगायचं मी विसरलो. दोष माझा. माझ्याशी असलेला करार तुम्हाला मोडायचा असेल तर मोडा, गाय मोडू नका.

शेवटचं वाक्य काढून टाकणार होतो. राहू दिलं.

शनिवार, २४ मे

मावशींनी फडकं कालच धुतलं, पेपेची नशा आज उतरली. दिवसभर डोकं पंजात. मी मिरूनाला सांगितलं, पाणी द्या आणि मोठ्याने बोलू नका. अनुभवाचं औषध.

मंगळवार, २७ मे

कार्यालयातून कारकुनाचा फोन. गाडी उद्या सकाळी नऊला, आधी तुमच्याकडे येईल, तुम्ही सही करायची.

"माझा अर्ज मिळाला का?"

"नोंद झाली."

"आणि मॅडम?"

"मॅडम जागेवर नाहीत."

संध्याकाळी मावशींना सांगायला गेलो. त्या जोयानाची शेपटी विंचरत होत्या. "कळलं मला," म्हणाल्या. "तुम्ही फाटकाबाहेर टोपी काढलीत." नंतर मला एक वाटी मलई दिली. म्हटलं, हे खायला मनाई आहे. म्हणाल्या, "मग घरी नेऊन टाकून द्या." नेली. टाकवत नाहीये. खाल्लीही नाही.

बुधवार, २८ मे

साडेसातलाच दार वाजलं. ड्रायव्हर लवकर आला असेल म्हणून कोट घालून, त्याला काय काय विनवायचं ते घोकत दार उघडलं. बाहेर गाडी नव्हती. एक ठेंगणी बाई होती, पायात कोरे रबरी बूट, एकावर दुकानाची चिठ्ठी तशीच, हातात बर्फाची पेटी. तोंड उघडलं तेव्हा आवाज ओळखला.

"गाडी मी रद्द केली. रक्त घ्यायला आलेय. पहाटेच्या बसने." स्तान्काबाई उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. वाक्य या वेळी बंद झालं नाही. "पण डॉक्टर, मी सगळी वर्षं कोंबड्यांवर काम केलंय. तुमची ती जोयाना — तिच्याजवळ कुठल्या बाजूने जायचं?"